सुट्टी सगळ्यांची, मग ओटा एकटीचा का?

*ताई, नमस्कार. आम्ही लीड्सला राहतो. जूनमध्ये माझे सासू-सासरे दापोलीकडच्या गावाहून पहिल्यांदाच इकडे येताहेत. नवऱ्याने स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमध्ये, आठवडाभरासाठी एक सेल्फ-केटरिंग कॉटेज हेरून ठेवलंय. सासूबाई माळकरी. अंडंही चालत नाही, बाहेरचं शक्यतो खात नाहीत, म्हणून ‘आपलं स्वयंपाकघर असलेलं बरं’ असं त्याचं म्हणणं. सासऱ्यांना मात्र मासे हवेत. शिवाय तिथून स्काय बेट आणि लॉक नेस तळं एकेका दिवसात करून येऊ, असाही बेत आहे. मला त्या कॉटेजचे फोटो पाहिले की पोटात गोळा येतो. घरी करते तेच तिथे करायचं, फक्त परक्या ओट्यावर. सासूबाई स्वभावाने चांगल्या आहेत, त्यामुळे कोणाला बोलूनही दाखवता येत नाही. हॉटेलचा हट्ट धरू का? मुलगा नऊ वर्षांचा आहे.*
*— एक सून, लीड्स*

प्रिय सूनबाई,

हॉटेलचा हट्ट धरू नकोस. कॉटेजच घ्या. पण पैसे भरायच्या आधी एक संध्याकाळ नवऱ्याला समोर बसव आणि ‘तिथे स्वयंपाक कोण करणार’ हे स्पष्ट ठरवून घे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कॉटेजबद्दल तक्रार नाही, सासूबाईंबद्दल तर नाहीच. तुला कोणी विचारलंच नाही, हे तुला लागलंय. आणि ते लागणं रास्त आहे.

हॉटेल का नको, ते आधी सांगते. जूनच्या शेवटी तिकडे पहाटे साडेचारला सूर्य उगवतो आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. गावी पाचला उठणाऱ्या बाईला तिथे साडेचारलाच जाग येणार. हॉटेलच्या खोलीत ती काय करील? नवरा झोपलाय म्हणून दिवा लावायचा नाही, आठ वाजल्याशिवाय खाली काही मिळायचं नाही, आणि मिळालं तरी माळकरी माणसाच्या वाट्याला टोस्ट आणि केळं. सात दिवस तेच. त्यापेक्षा स्वतःचं दार असलेलं घर केव्हाही चांगलं. आंघोळ करावी, दोन ओव्या म्हणाव्यात, चहा टाकावा, खिडकीशी बसावं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुझ्या पत्राने तीच आठवली. माझी आई इकडे आली होती तेव्हा आम्हीही याच किनाऱ्यावर, पिटनवीम गावात, आठवडाभर घर घेतलं होतं. बंदरापासून दोन मिनिटांवर. आणि मी तिथे रोज दोन भाज्या, कोशिंबीर, वरण-भात, पोळ्या असा साग्रसंगीत स्वयंपाक केला. सिंकवरच्या खिडकीतून शेजारच्या घराची दगडी भिंत दिसायची. त्या भिंतीतल्या एका फटीत पिवळ्या फुलांचं रोपटं उगवलं होतं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. समुद्र तितका आठवत नाही. बाकीचे वाऱ्याने नाकं लाल करून घरी यायचे, ‘आज सील दिसला’ म्हणून सांगायचे, आणि मी पानं वाढायची. मनातून धुमसत होते. शेवटच्या रात्री आई म्हणाली, “अगं, मला मेतकूट-भात पुरला असता. तू करत होतीस म्हणून मी खात होते.” मी पोळपाट पुसत होते, तो तसाच हातात राहिला. सात दिवस मी तिला विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

म्हणून तू आधीच विचार. सासूबाईंना फोन कर, आणि नवऱ्यामार्फत नको, स्वतः कर. सरळ सांग: “आई, तिथे आठवडाभर घर घेतोय. सगळ्यांनी समुद्रावर जायचं, म्हणून जेवण साधं ठेवू. खिचडी, पिठलं-भात, थालीपीठ, एखाद दिवशी उपमा. तुम्हाला चालेल ना?” माझा अंदाज आहे की तिकडून ‘न चालायला काय झालं’ असंच उत्तर येईल. पंढरीच्या वाटेवर जिथे जे मिळेल ते गोड मानून खाणारी माणसं ही. त्यांना शुद्ध हवं असतं, पंचपक्वान्न नव्हे.

नवऱ्याशी बोलताना मात्र साधेपणावर थांबू नकोस, वाटणी कर. “आईंच्या जेवणाची सोय हवी हे मला मान्यच आहे, ती सोय कोण करणार ते ठरवू,” इथून सुरुवात केलीस तर त्यात त्याच्या आईची तक्रार कुठे येत नाही. सकाळचा चहा-नाश्ता आणि रोजची भांडी त्याची. सातांपैकी तीन रात्रींचं जेवणही त्याचं. खिचडी येत नसेल तर जूनपर्यंत येईल, अवघड नाही. बोलणं टळू नये म्हणून फ्रिजवर कागद लाव आणि नावं लिही. आणि तो ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणाला तर तिथल्या तिथे ‘नाही, आत्ताच’ म्हण. तिथे गेल्यावर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

सासूबाई ‘मीच करते सगळं’ म्हणाल्या तर? पूर्ण अडवू नकोस. चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला आठवडाभर नुसतं बसवून ठेवलं तर तिला पाहुण्यासारखं वाटतं. एक रात्र त्यांची असू दे, पहाटेचा चहा त्यांचा असू दे. पण तुझ्या पाठीवरचं ओझं उचलून त्यांच्या पाठीवर ठेवू नकोस. त्याही पहिल्यांदाच एवढ्या लांब येताहेत.

आता घराबद्दल. क्रेल, अँस्ट्रथर, पिटनवीम, सेंट मोनन्स, ईली अशी ही छोटी बंदरगावं एकापाठोपाठ एक आहेत, सगळ्या पट्ट्याला ईस्ट न्यूक म्हणतात. तिथली जुनी घरं कोळ्यांची. पांढऱ्या भिंती, छपराच्या कडांना दगडी पायऱ्या, आणि वर लाल कौलं. हॉलंडशी चालणाऱ्या व्यापारातून ती कौलं या किनाऱ्यावर आली. सासऱ्यांना ती पाहून दापोलीच आठवेल. पण या घरांची एक गोम आहे. खालच्या मजल्यावर जाळी आणि सामान ठेवायचं, माणसांनी वर राहायचं, अशी ती मुळात बांधलेली. त्यामुळे जिने अरुंद आणि उभे, झोपायच्या खोल्या उतरत्या छपराखाली, आणि न्हाणीघर पुष्कळदा खाली. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाने तो जिना किती वेळा उतरायचा? म्हणून मालकाला लिहून विचारा: तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिथेच संडास आहे का? आंघोळीला टबच्या काठावरून पाय टाकून आत जावं लागतं की सपाट जमिनीवर शॉवर आहे? गुडघेदुखी असेल तर हा प्रश्न समुद्र दिसतो की नाही यापेक्षा महत्त्वाचा. गाडी कुठे लावायची तेही विचारा, बंदरालगतच्या गल्ल्यांत ती दारापर्यंत जाईलच असं नाही. आणि सामानात एक मग्गा टाक. तिथे जेट नसतो.

जाहिरातीत परवाना क्रमांक आहे का ते बघा. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून अशी घरं भाड्याने द्यायला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीत द्यावाच लागतो. किती माणसांना राहता येईल हेही त्या परवान्यात ठरलेलं असतं. क्रमांक नसेल तर ते घर सोडून द्या.

शेगडी कोणती, हे विचारायला विसरू नकोस. आता बऱ्याच कॉटेजांत इंडक्शन असतं, आणि आपला नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघ, चिकटला तर चालेल. स्टीलचा तसा कुकर, एक तवा आणि एक पातेलं घरूनच ने. ते फक्त सोयीसाठी म्हणत नाही. तिथल्या भांड्यांत आधीच्या पाहुण्यांनी काय शिजवलं असेल, हा विचार सासूबाईंच्या मनात येणार. त्या बोलणार नाहीत, पण घास नीट उतरणार नाही. आपली तीन भांडी दिसली की तो प्रश्नच मिटतो.

आणि फोडणी जपून. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला नियम आहे: बैठकीत आणि जिन्यात धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. म्हणजे मिरचीचा ठसका बैठकीपर्यंत पोचला की सगळं घर एकदम ओरडायला लागतं. आधी शेगडीवरचा पंखा, मग खिडकी, मग मधलं दार बंद, आणि त्यानंतर तेल तापत ठेवायचं. शक्यतो फोडणीचं काम कमीच ठेव. भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, साबुदाणा, दाण्याचं कूट, लोणचं, आमसुलं घरूनच बांधून ने. पहिल्या रात्रीच्या पोळ्या आणि कोरडी भाजी डब्यात. पाच-सहा तास गाडी चालवून पोचल्यावर त्या संध्याकाळी कोणीही शेगडी पेटवू नये. भाज्या-दूध सेंट अँड्र्यूजच्या मोठ्या सुपरमार्केटांत मिळेल. जूनपासून फाइफची स्ट्रॉबेरी येते, ती मात्र भरपूर घ्या, वाडगाभर दह्याबरोबर संध्याकाळचं खाणं होतं.

सासूबाईंसाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेव. त्या किनाऱ्यावर फिश अँड चिप्सची दुकानं नावाजलेली आहेत आणि ‘चिप्स म्हणजे नुसते बटाटे’ असं समजून कोणीतरी पुडा त्यांच्या पुढे करील. बऱ्याच दुकानांत तळण गाईच्या चरबीत होतं, ती जुनी पद्धत आहे. काउंटरवर विचारल्याशिवाय त्यांना एक तुकडाही देऊ नकोस. हे त्यांना मागाहून कळलं तर सगळा प्रवास त्यांच्यासाठी तिथेच संपेल. त्याऐवजी टॅबलेट नावाची मिठाई घे: साखर, लोणी आणि आटवलेलं दूध. तोंडात टाकली की आपल्या दुधाच्या वडीची आठवण होते.

सासऱ्यांचे मासे घरात शिजवायचे नाहीत, हा नियम आधीच करा. त्यात त्यांचं काही नुकसान नाही. तिकडे हॅडॉक खातात. तो गरमागरम पुड्यात घेऊन नातवाबरोबर बंदराच्या कट्ट्यावर बसून खावा. क्रेलच्या बंदरात हंगामात ताजे खेकडे आणि लॉब्स्टर शिजवून देतात, तेही तिथेच उघड्यावर खायचे. सीगलवर मात्र लक्ष ठेवायचं, ते हातातला घास पळवतात. त्या वेळात तुम्ही दोघी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जा. एक तास सासू-सुनेला वेगळा मिळाला तर वाईट काय?

स्काय आणि लॉक नेस रद्द करा. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. अँस्ट्रथरहून स्काय एका बाजूने पाच-सहा तास, लॉक नेसही तीन तासांच्या वर. सत्तरीतल्या माणसांना दिवसभर गाडीत बसवून एखादा फोटो काढायचा, आणि मग रात्री नऊला थकून आल्यावर जेवायला काय, हा प्रश्न पुन्हा तुझ्याच पुढे. सात दिवस घर घेतलंय ते त्या गावात राहण्यासाठी. येता-जाता फोर्थ खाडीवरचा १८९० सालचा लाल रेल्वेपूल दिसेल, तिथे थांबा. बस.

आणि फाइफमध्ये सासऱ्यांना काय दाखवायचं, याची काळजी करू नकोस. हर्णैच्या बाजूला वाढलेल्या माणसाला बंदर दाखवावं लागत नाही. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. सकाळी पाण्यावर डुलणाऱ्या होड्या दुपारी चिखलात बसलेल्या असतात, क्रेलला तर बंदराचा तळच उघडा पडतो. धक्क्यावर खेकडे-लॉब्स्टरचे पिंजरे रचलेले असतात. हर्णैसारखा वाळूवरचा लिलाव तिथे नाही, पण पिटनवीममध्ये मासेमारी अजून जिवंत आहे. आता मुख्यतः कोळंबी, खेकडे आणि लॉब्स्टर. हेरिंग नावाच्या माशाच्या जिवावर ही गावं वाढली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फोर्थच्या खाडीतला हेरिंग जवळजवळ संपला. ती सगळी हकिगत अँस्ट्रथरच्या मत्स्य-संग्रहालयात आहे. १९६९ साली सुरू झालेलं, बंदरासमोरच. तिथे सासूबाईंनाही ने. हेरिंग साफ करणाऱ्या बायका तिघी-तिघींच्या टोळीने काम करायच्या, दोघी कापणार आणि एक पिंपात थर लावणार. सुरी आणि मीठ लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. मासा न खाणाऱ्या बाईलाही त्या बोटांचं दुखणं कळतं.

एखाद्या सकाळी पिटनवीमहून सेंट मोनन्सपर्यंत समुद्राच्या कडेने चाला. अडीचएक किलोमीटर. वाटेत जुनी पवनचक्की लागते. तिने समुद्राचं पाणी उपसून मिठागरात घ्यायचे. आपल्याकडे ऊन पाणी आटवतं. तिथे ऊन कुठलं, म्हणून कोळसा जाळून पाणी उकळायचे. पुढे गावाच्या टोकाला चौदाव्या शतकातलं चर्च आहे, समुद्राच्या इतकं काठावर की लाटांचा आवाज आत ऐकू येतो. परतीला बस आहे. ९५ नंबरची, लीव्हन ते सेंट अँड्र्यूज, या सगळ्या गावांतून जाते. म्हणजे चालून दमलं तरी अडचण नाही, आणि ज्यांना चालायचं नाही त्यांनी बसनेच यावं.

मुलासाठी ‘मे’ नावाचं बेट. अँस्ट्रथरहून होडी जाते, पाऊण ते एक तास लागतो, आणि जूनमध्ये बेटावर हजारो पफिन पक्षी असतात. ऑगस्टच्या सुरुवातीला ते समुद्रात निघून जातात, म्हणून तुमचा जून अगदी योग्य. तो महिना आणखी एका कारणाने बरा, स्कॉटलंडच्या शाळांना सुट्टी महिनाअखेरीस लागते, तोपर्यंत भाडी जरा कमी असतात. होडीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, जागा आधी राखून ठेवा. चढ-उताराची वाट आहे, गुडघे दुखत असतील तर सासूबाईंना नेऊ नका. टर्न नावाचे पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोची मारतात, तेव्हा सगळ्यांना टोप्या हव्यात.

एखादा दिवस धुक्यात जाणार, हे धरून चाला. उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून आली की दाट धुकं किनाऱ्यावर येऊन बसतं, त्याला तिकडे ‘हार’ म्हणतात. दोन मैल आत ऊन आणि बंदरावर समोरची होडी दिसत नाही. जूनमध्येही पारा सतराच्या पुढे फारसा जात नाही, तेव्हा दोघांना लोकरीचं काहीतरी, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट. तो दिवस घरात काढायचा. पत्ते, भजनं, झोप. त्या दिवशीही जेवणाच्या कागदावर ज्याचं नाव आहे त्यानेच करायचं.

औषधं पुरेशी बांधून आणायला सांगा, प्रवासी विमा भारतातूनच काढा, आणि तब्येतीची अडचण आली तर वैद्यकीय सल्ल्याचा १११ हा क्रमांक तिकडेही चालतो.

पोचल्या दिवशी एक काम मुलाकडे दे. आजीला ती बटणं नसलेली, नुसत्या स्पर्शाने चालणारी शेगडी शिकवायची. कुठे बोट ठेवायचं, किती वेळ, बंद कशी करायची. दोन-तीनदा करून घ्यायचं. रात्री झोपताना साखर, चहा, आलं, गाळणं आणि तिचं पातेलं शेगडीशेजारी काढून ठेव. पहाटे साडेचारला आतून भांड्याचा आवाज येईल. तू ऐक आणि कूस बदल. उठू नकोस.

— तुझी,
ताई